लसीच्या पेटीतली मुशी

मित्रांनो, मी एक जुनी निळी लसपेटी आहे. सध्या किन्हवलीतल्या एका स्वयंपाकघरात माझ्यात कांदे असतात. तक्रार नाही, कांदे निदान गुपचूप पडून राहतात.

चंद्रकला नर्सबाईंच्या खांद्याला लटकून मी कितीतरी पाडे हिंडले. पोटात बर्फ, बर्फात लस. गुण लसीचा, नाव बाईंचं आणि पोरांचा राग माझ्यावर. कडी तुटली तशी दवाखान्याने मला मोडीत काढलं. बाईंनी घरी आणलं.

२००७ साली त्यांची धाकटी लेक मनस्वी मला मुंबईला घेऊन गेली. ती मुशीवर, म्हणजे शार्क माशावर, संशोधन करत होती. जाळ्यात मेलेली एक दुर्मिळ मुशी बंदरावर आली. तसली पुन्हा कधी मिळेल, कुणी सांगावं? प्रयोगशाळा सुट्टीत बंद, गावी फ्रिज असून वीज नसायची. म्हणून तिचा वीतभर तुकडा बर्फात घालून, माझ्यातूनच तिने घरी आणला.

घरी थोरली बहीण मालू बाळंतपणाला आलेली. बाळंतिणीला दूध यावं म्हणून आमच्याकडे मुशी खाऊ घालतात. धोंडीबाई आजींनी माझं झाकण उघडलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मनस्वी आंघोळ करून आली तेव्हा चुलीवर आधण आणि मुशी विळीपुढे.

"आजी, थांब. ती खायची नाय."

"मंग काय पुजायचीय?"

"तिचं कूळ शोधायचंय. अशा मुशी संपत आल्यात. तिच्या अंगात एक लिखाण असतं, ते फक्त आईकडनं लेकराला मिळतं. बापाचं त्यात काय नसतं."

"कायच नाय?"

"कायच नाय."

आजींनी ओटीवर पेपर वाचत पसरलेल्या जावयाकडे, मालूच्या नवऱ्याकडे, एकवार पाहिलं. "खरं लिवलेलं दिसतंय," म्हणाल्या. मग आवाज उतरला. "पन मालूला दूध कमी पडतंय, त्याचं काय?"

आतून मालू म्हणाली, "मला मेथी कर गो आजी. ती मुशीबी कुनाची आईच असंल."

तुकडा आजींनी स्वतःच्या हाताने बर्फात ठेवला आणि झाकण दाबलं.

पुढे मनस्वीने त्यातून सोळा हजारांवर अक्षरांचं ते आईकडचं लिखाण, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए, अख्खं वाचलं. पेढे वाटले गेले. मला कांदे मिळाले.

तेव्हा मित्रांनो, कुणाची पेटी उघडण्याआधी आत काय आहे ते विचारा आणि झाकण नीट दाबून लावा. आत कुणाची तरी आई असू शकते.