नाल्याकाठची कोथिंबीर

कॅम्प चारच्या खालच्या अंगाला नाला जिथे वळतो, तिथे मोतीबाईचं शेत होतं. पूर्वी भात कापून झालं की जमीन उघडी पडायची. फाळणीनंतर या कॅम्पातल्या लष्कराच्या रिकाम्या बराकींत सिंधी निर्वासित राहायला आले आणि नाला उन्हाळ्यातही वाहू लागला. मोतीबाई आणि तिचा दीर हरिचंद्र यांनी त्या पाण्यावर भाजीचे वाफे केले. कोथिंबीर तर अशी माजायची, की जुड्या बांधून झाल्यावरही हाताचा वास जात नसे. नवरा गेल्यावर मोतीबाईला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही ते या वाफ्यांमुळेच.

बराकीत राहणारी सिंधी देवीबाई तिचं पहिलं गिऱ्हाईक. दोघींना एकमेकींची भाषा अर्धीमुर्धीच यायची, पण बोलणं कधी अडलं नाही. देवीबाई हिरवी चटणी वाटायची आणि त्यातली बोटभर मोतीबाईच्या तळहातावर ठेवायची.

माघात बराकीत ताप शिरला. आधी देवीबाईचा मुलगा पडला, मग पलीकडच्या खोलीतली रुक्मी, मग आणखी दोन घरं. ताप उतरेच ना. रुक्मी सासरी जायच्या वयाची पोर, ती त्या तापातच दगावली.

दुसऱ्या सकाळी मोतीबाई टोपली घेऊन आली, तेव्हा देवीबाईच्या दारात डॉक्टर चिंतामणी गुप्ते उभे होते. ते अंबरनाथहून सायकलवर येत.

"ही भाजी तुमच्या शेतातली?" त्यांनी विचारलं.

"माज्याच हातची. का वो?"

"पाणी कुठलं घालता?"

"नाल्याचं. दुसरं कुठशी आनू?"

डॉक्टरांनी टोपलीतली एक जुडी उचलून उलटीपालटी करून पाहिली. मोतीबाईने टोपली खाली ठेवली. "डाक्टर, मी काय इख इकते का? मी पन हीच चटनी खाते. मला काय झालं?"

"काहींना होत नाही, मोतीबाई. ताप आलेल्या घरांचा नळ एक नाही, दूधवाला एक नाही. पण कच्ची कोथिंबीर सगळ्यांनी खाल्लीय. मला तुमचं शेत दाखवाल?"

ती त्यांना घेऊन गेली. डॉक्टर वाफ्यांपाशी न थांबता नाल्याच्या काठाने वर चालत गेले. ही वाट मोतीबाईच्या पायाखालची, पण त्या दिवशी ती डॉक्टरांच्या मागून, त्यांच्या डोळ्यांनी बघत चालली. वरच्या बराकींच्या संडासांची फुटकी गटारं सरळ नाल्यात उतरत होती.

परत वाफ्याशी आल्यावर डॉक्टरांनी एक काडी खुडून तिच्यापुढे धरली. "टायफॉईडचे जंतू आजारी माणसाच्या पोटातून पाण्यात जातात, पाण्यातून पानावर. झाडाला त्यांचं काही होत नाही, पान असंच टवटवीत राहतं. पण पानाच्या सुरकुतीत, देठाच्या बेचक्यात ते चिकटून बसतात. धुतलं तरी सगळे निघत नाहीत. देठाच्या आतही शिरत असतील, मला नक्की सांगता येणार नाही. शिजवलं तर मरतात."

"मंजे तिथनंच आलं नि मी उचलून पुना तिथंच नेलं," मोतीबाई हळूच म्हणाली.

संध्याकाळी तिने हरिचंद्राला सगळं सांगितलं. तो भडकलाच. "भाजीला कसला रोग? डाक्टर उद्या भुईलाही ताप आला सांगंल! कोनाला बोलू नको, वयनी. बाजार बसंल आपला."

"पोर गेली, हरी."

"तू मारलीस का तिला?"

मोतीबाई रात्रभर जागीच राहिली. आजवर हातात खुरपं धरलं की तिला नुसता हिरवा पाला दिसायचा. तेवढंच तर शेतकरणीला दिसतं. पण आता त्या पाल्यामागचं पाणीही दिसलं होतं, आणि ते न दिसल्यासारखं करणं तिला जमेना.

सकाळी तिने उभी कोथिंबीर उपटली आणि खड्ड्यात पुरली. मग रिकाम्या हातांनी रुक्मीच्या आईकडे गेली. देवीबाई मधे बसली, एकीचं दुसरीला समजावून सांगत. मोतीबाईने काही लपवलं नाही.

"तुझे भी मालूम नहीं था, मुझे भी नहीं," रुक्मीची आई म्हणाली आणि उठून आत गेली. त्या घराने मोतीबाईची भाजी पुन्हा कधी घेतली नाही. मोतीबाईही त्या दाराशी हाळी न देता पुढे जायची.

वाफ्यांच्या जागी तिने मांडव घातला, दुधी आणि पडवळ चढवले, आणि पाणी जवळच्याच गावातून, हरिचंद्राच्या बायकोच्या माहेरच्या विहिरीवरून डोक्यावर आणू लागली. दारोदार ती सांगायची, "पालेभाजी कोनाचीबी घ्या, शिजवूनच खा." हरिचंद्राने बोलणं टाकलं. काही गिऱ्हाइकं तुटली, काही टिकली. डॉक्टरांनी गटारांसाठी कचेरीत खेटे घातले. गटारं पुढच्या पावसाळ्यानंतर बांधली गेली, तीही अर्धीच.

देवीबाईचा मुलगा वाचला. केस गळालेले, गालफडं बसलेली, तो दारात उन्हाला बसायचा. मोतीबाई त्याच्यासाठी कोवळा दुधी वेगळा काढून ठेवायची. देवीबाई विचारायची, "यह कैसे पकाऊँ?" आणि मोतीबाई टोपली खाली ठेवून चुलीपाशी बसायची.