रुपरावची विजेची पेटी

नागपूरच्या इंदोऱ्यात माहा पाळणा ऐकायले बाया हातातली कामं सोडून यायच्या. फुशारकी नाई मारत, खरं तेच सांगतो म्हणा ना. पाळणा माह्या मायनं, भीमाबाईनं रचलेला. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा मी तिच्या कडेवर होती. दर जयंतीले विहारात बाबासाहेबांचा पाळणा हालवायचा अन् मायचं ते गाणं म्हणायचं, हा मान आमच्या घराचा. माय गेल्यावर तो माह्याकडं आला.

मंग गळ्यात गाठ झाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाज खाली बसला तो बसलाच. त्या जयंतीले तोंड उघडलं तर पेटीवाला म्हणे, बाई, सुरात उलसं वर या. वर जायले गेली अन् आवाज फाटला. माह्या मागं म्हणणाऱ्या शोभाताईनं पदर तोंडावर धरून हसून घेतलं. घरी येऊन मी म्हटलं, चुलीत जावो तो मान. तेव्हापासून भाकरी थापतानासुद्धा गुणगुणत नव्हती.

आमचे हे, रुपराव, गांधीबागेत रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाले. दिवसभर लोकांचे रेडिओ बोलते करायचे अन् घरी आले की स्वतः मुके. एका संध्याकाळी प्लायवूडचा एक खोका घेऊन आले. वर बारा बटणं, आत तारांचा गुंता, मागं लाउडस्पीकर. बटण दाबलं की भुंग्यासारखं घुमायचं. मी म्हटलं, हे काय भूत आणलं बापा घरात.

"तुह्यासाठी बनवलं," हे म्हणाले. "हे तुले वर ये म्हणणार नाई."

मी भांडली. मंग रडली. मंग बसली. मार्च सरत आला होता, अन् रोज संध्याकाळी हे दार लावून घेत. मी एकेक सूर धरायची, अन् हे पेचकसानं आतला स्क्रू फिरवून पेटीचा सूर माह्या आवाजाशी आणून बसवायचे. बसला की त्या स्क्रूवर मेणबत्तीचं मेण टाकायचे. रेडिओवाल्याइची रीतच आहे ती, लावलेलं हालू नये म्हणून. बारा सूर बसले, बाराइवर मेण पडलं. त्या पेटीसोबत माहा जाडा आवाज मलेच चांगला वाटायले लागला.

लाउडस्पीकरवाल्या ओमप्रकाशनं ती पेटी पाहिली अन् ह्याइच्या मागंच लागला. तो अन् कॉलेजची पोरं मिळून सीताबर्डीच्या एका हॉलमध्ये नव्या संगीताचा उत्सव करून राहिले होते. विजेचे गिटार, टेपवरचे आवाज, असलं सगळं. ह्याइनं त्याले सांगितलं, पेटी वाजन तर माह्या देवकीसोबत. जयंती आठवड्यावर आली होती. मी मनाशी ठरवलं, तिथं आवाज निघाला तर विहारात पाळणा म्हणीन, नाईतर शोभाताईले कायमचा देऊन टाकीन. ह्याइलेही तसं सांगून टाकलं.

हॉल भरलेला होता. आम्ही मंचावर बसलो, ह्याइनं पहिलं बटण दाबलं. सूर वर गेला होता. दुसरं दाबलं, तेही वर. ह्याइचा चेहरा उतरला, तेव्हाच त्याइले कळलं. आमच्या गल्लीत संध्याकाळी घरोघरी कूलर सुरू झाले की वीज अर्धी होते, दिवा कंदिलावाणी जळते. त्या मरतुकड्या विजेवर आम्ही बाराही सूर लावले होते. हॉलमध्ये वीज पुरी होती, त्यानं सगळे सूर चढले. अन् स्क्रू तर मेणाखाली गाडलेले.

मी तरी प्रयत्न केला. पहिल्याच ओळीत आवाज फाटला. मागून कोणीतरी हसलं. मले डोळ्यासमोर शोभाताईचा पदर दिसला.

ह्याइनं घाबरून दोन-चार बटणं दाबली, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या घुमण्यावर पोरं खूश झाली होती. ओमप्रकाश मंचाजवळ येऊन हळूच म्हणाला, "रुपरावभाऊ, पेटी अकेली ही बजने दो. भाभी को आराम करने दो."

त्याचं काही चुकलं नाई. मी पदर खोचला अन् ह्याइले म्हटलं, तुमी वाजवा, एवढी मेहनत केली तुमी, मी बाहेर बसतो. खरं सांगू, त्याइच्यासाठी वाजलेल्या टाळ्यांनी मले आनंदही झाला होता, अन् रडूही येऊन राहिलं होतं.

ह्याइनं पेटीची वायर उपटली. ह्याइनं माइक स्वतःकडं ओढला, डोळे मिटले अन् तोंडानंच सूर धरला. विहारात वंदनेलेही नुसते ओठ हालवणारा माणूस तो, चारशे लोकांसमोर घुमायले लागला. अन् सूर कोणता, तर माहा. आमच्या घरातला, संध्याकाळचा, तंतोतंत तोच.

मले पहिले राग आला, काहून अशी स्वतःची फजिती करून घेतली म्हणून. मंग लय माया आली. मी परत बसली अन् पाळणा धरला. आवाज जाडाच होता, पण फाटला नाई. ह्याइचा दम मधात तुटायचा, तेव्हा मी थांबायची. त्याइनं श्वास घेऊन सूर पुन्हा धरला की मी पुढची ओळ घ्यायची. कोणी हसलं असेल तर मले ऐकू आलं नाई.

पाळणा संपला. हे घुमतच होते, डोळे मिटलेले, कपाळावर घाम. मी त्याइच्या हातावर हात ठेवला अन् म्हटलं, झालं नं आता, थांबा.

"थांबू नको वं," हे म्हणाले. "माहा दम आहे अजून."

मी पाळणा पुन्हा पहिल्यापासून धरला.