सिनेमाचा राहिलेला शेवट

घोडेगावच्या बाजारतळावर तंबूतला सिनेमा आला होता. हेराचा. सरकारचे चोरीला गेलेले कागद शोधायला हा हेर आधी विमानात बसतो, मग बोटीत बसतो, आणि तिथंही कागद मिळत नाहीत म्हणून थेट चंद्रावर जातो. आमच्या तलाठ्यालाही कागद सापडत नाहीत, पण तो इतका लांब जात नाही.

मी पुरुषांच्या बाजूला बसलो होतो. माझी बायको रंगुबाई दोरीपलीकडं बायकांत होती. "अगं बया, पडंल ना ती!" हा तिचाच आवाज. ती म्हणजे हेराबरोबर गेलेली बाई. उंच टाचांच्या चपला घालून चंद्रावर चालत होती. हेरानं तिथंही काळा चष्मा काढला नव्हता. त्यांचं यान म्हणजे उलटी करून चुना फासलेली कणगी. चंद्र आमच्या माळासारखाच निघाला, नुसता मुरूम. फरक एवढाच, की तिथं अजून दुष्काळी काम सुरू झालेलं नव्हतं.

बदमाशानं दोघांना गुहेत कोंडलं आणि मी उठलो. आमची म्हैस रंगुबाईशिवाय कुणाला धार काढू देत नसे. दोरीपाशी जाऊन म्हटलं, "चल, म्हस वरडत असंल."

"थांबा की वाईच. ती दोघं खाली येत्यात का बघू द्या."

"येत्यात. न येऊन जात्यात कुठं? उद्या बघू."

ती उठली. घरी आलो तर म्हैस निवांत रवंथ करत बसली होती.

दुसऱ्या दिवशी रंगुबाईला ताप भरला. तापातही विचारायची, "आली असत्याल का वो खाली?"

"आली असत्याल."

"असत्याल म्हंजी? तुमी बघितलं का?"

आठव्या दिवशी ती गेली. तंबू त्याआधीच गावातून हलला होता.

दहाव्याला ओढ्यावर पिंड ठेवला. दुष्काळाचं वर्ष, माणसांना दाणा मिळत नव्हता. कावळ्यानं त्या भातावर झडपच घालायला हवी होती. तो बाभळीवर बसून आमच्याकडं बघत राहिला. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही. मग जो तो पुढं होऊन शब्द देतो.

माझा मेव्हणा मच्छिंद्र पुढं झाला. "आक्का, काळजी करू नको. दाजींचं दुसरं लगीन मी सोता लावून देतो."

कावळा एक फांदी वर गेला.

माझी भावजय लंकाबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "तुझी म्हस मी माझ्या दावणीला नेऊन संबाळीन गं." म्हशीवर तिचा डोळा तीन वर्षांपासून होता. कावळ्यानं पाठ फिरवली.

"सहादेव, आता तुम्ही काहीतरी बोला," भटजी म्हणाले. त्यांना दुसऱ्या गावी जायचं होतं.

काय बोलायचं ते मला ठाऊक होतं. पण सोयऱ्यांसमोर, बायकोच्या दहाव्याला, सिनेमाचं नाव कसं काढायचं? दोन तास मी लाजेनं ओढ्यातले खडे उचलून बाजूला ठेवत बसलो. ऊन डोक्यावर आलं तेव्हा म्हटलं, "तिला त्या हेराच्या सिनेमाचा शेवट बघायचा हुता."

कुणी हसलं नाही, असं मी म्हणणार नाही. गर्दीत आमच्या गावचा सूर्यभान होता. टांग्यात बसून कर्ण्यावर तंबूवाल्यांची जाहिरात करत फिरणारा तोच. मी त्याला विचारलं, "सूर्यभान, ती दोघं खाली येत्यात का?"

सूर्यभान खाकरला. "चंद्रावर अडकलेला आपला बहाद्दर हेर! सुटनार का मरनार? पडद्यावर पाहा!"

"आरं, पडद्यावर काय हुतं तेच इचारतोय."

"मला काय ठावं? शेवटाला आमी भाईर कनाती सोडत असतो."

मग मी पिंडापुढं हात जोडले. "रंगू, तंबू शेवगावला गेलाय. मी जातो, शेवट बघतो आन्‌ हितं येऊन तुला सांगतो. म्हशीपायी तुला उठवलं, चुकलंच माझं."

कावळा खाली आला आणि शिवला.

"भुकेला असंल मेला," लंकाबाई म्हणाली. मग दोन तास त्यानं उपास कशाला धरला होता, हे तिनं सांगितलं नाही.

तेरावं उरकून शेवगावला गेलो. बायको जाऊन पंधरवडा झाला नाही आणि गडी सिनेमाला निघाला, ही बातमी माझ्या एस.टी.च्या आधी पोचली होती. तंबूत बसलो. चपला, कणगी, मुरूम सगळं पुन्हा बघितलं. दोघं गुहेत कोंडली गेली, पडदा एकदा पांढरा झाला, आणि एकदम यान समुद्रात पडलं. हेर बाहेर आला. भांगसुद्धा मोडला नव्हता. बँड वाजला, हार पडले, साहेबानं कागद छातीशी धरले. संपलं. बाई कुठंच नाही. पडद्यावर तिच्याविषयी कुणी विचारलं नाही आणि तंबूत लोक आपापल्या चपला शोधायला लागले.

मी मशीन चालवणाऱ्याला गाठलं. "बाईचं काय झालं?"

"कोन बाई?"

"त्याच्यासंगं चंद्रावर गेलेली."

"हां, ती! मधलं एक रीळ जळालंय, दादा. त्यात असंल तिचं काय ते."

"कधी जळालं?"

"झाला की दीड म्हैना. घोडेगावच्या आदीच. तवापासनं रोज खेळ चालू हाय. इचारनारे तुमीच पयले."

म्हणजे त्या दिवशी मी तिला उठवलं नसतं, तरी तिला कळणार नव्हतं. हे ऐकून बरं वाटावं की वाईट, ते अजून ठरलं नाही.

सकाळच्या गाडीनं परत आलो आणि तसाच ओढ्यावर गेलो. शब्द दिला होता. आजूबाजूला कुणी नाही असं बघून दगडावर बसलो.

"त्यो आला खाली," मी म्हटलं. "लोकांनी हार घातले. बाई वरच ऱ्हायली. का ऱ्हायली, ते जळालं. कुनी तिचं नाव काढलं न्हाई. मी तेवढं इचारलं." ती असती तर एवढ्यावर मला सोडलं नसतं, हे मला माहीत होतं. "ह्याच्या म्होरं मला ठावं न्हाई, रंगू. आता तू बी वरच हाईस. गाठ पडली तर तूच इचार तिला."