नागम्माचा पायगुण

शहाऐंशीच्या मे महिन्यात जळकोटच्या शिवारावर वादळ आलं आणि वाडीतल्या निम्म्या घरांचे पत्रे ओढ्यापलीकडं जाऊन पडले. सखूबाई दुसऱ्या दिवशी पहाटे डेअरीत हजर! बायकांच्या दूध सोसायटीची ती चेअरमन. दूध घालून झालं की सगळ्यांनी मिळून रोज एका घरावर पत्रे चढवायचे, असं फर्मान तिनं सोडलं. सखूबाईचं फर्मान मोडायची वाडीत कुणाची छाती नव्हती, पुरुषांचीसुद्धा.

चौथ्या दिवशी हरणाबाई आली ती दुधाची किटली न घेताच. एका हातात सात वर्षांच्या नागम्माचा हात, दुसऱ्या हातात पोरीच्या कपड्यांचं बोचकं.

"आक्का, हिला सोलापूरला पोचती करा," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

नागम्मा सोलापूरच्या अनाथाश्रमातली, मूळची कानडी मुलखातली. लेकरू नसलेल्या हरणाबाई-धुळाप्पाच्या ओटीत ती सहा महिन्यांपूर्वी पडली, तेव्हा आश्रमात शब्द दिला होता तो सखूबाईनंच. एकदा परत गेलेल्या पोरीला पुन्हा कुणी घरात घेत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"कटाळलीस व्हय हिला?"

"म्या न्हाय वो! आत्याबाई म्हणत्यात, पोरीचा पायगुण वाईट. ही आली आन घर उघडं पडलं."

आत्याबाई म्हणजे तिची सासू, गजराबाई. सखूबाईच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं पदर खोचला, दहा-बारा बायका मागं घेतल्या आणि म्हणाली, "चला गं. आज पत्रे हरणीच्या घरावर."

डोक्यावर छप्पर नसलेल्या खोलीत गजराबाई पोत्यावर बसली होती. धुळाप्पा भिंतीला टेकून जमिनीकडं बघत होता. आईपुढं त्याचं कधीच काही चाललं नव्हतं.

"मावशी," सखूबाई म्हणाली, "ह्या एवढ्याशा पोरीच्या पायानं निम्म्या वाडीचे पत्रे उडाले म्हणता? मग दुष्काळात हिला आधीच आणून नाचवायची व्हती की! धो धो पाऊस पडला असता."

बायका फिदीफिदी हसल्या. गजराबाईच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"तुझं तोंड लई चालतंय, सखू. घर माझं उडालंय."

सखूबाईनं जीभ आवरली. सत्तरीच्या बाईनं डोक्यावरचं छप्पर जाताना पाहिलं होतं, आणि भ्यालेल्या माणसाशी चेष्टा करून उपयोग नसतो. तिची नजर दारातल्या म्हशीवर गेली आणि तिला एकदम सुचलं.

"मावशी, ही सोसायटीच्या कर्जातली म्हैस दारात आली तवा काय केलं व्हतं?"

"काय म्हंजे? पायावर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं, भाकर चारली. रीतच हाय ती."

"आन पोर आली तवा?"

धुळाप्पा पुटपुटला, "एष्टीला उशीर झाल्ता. तशीच आत आली."

"म्हशीला मान आन लेकीला न्हाय! मग सांगा, चुकलं कुणाचं?"

आता मात्र म्हातारी चपापली. घर उडालं ते एक वेळ सोसलं असतं, पण आपल्या हातून रीत चुकली हे तिला सोसवेना.

"ह्या वयात मी पोरीचं पाय धुवू?"

"म्हशीचं धुतलं तवा लाजलाव का?"

गजराबाई उठली, तांब्या घेतला. नागम्माला उंबऱ्याबाहेर उभं केलं. पायावर पाणी पडलं तशी पोर कळवळली आणि तिनं पाय मागं ओढला. म्हातारीनं तो धरला आणि वाळलेला चिखल बोटांनी धुऊन काढला. टाचेपासून बोटांपर्यंत जखम होती, चांगली सुजलेली. चार दिवसांत घरातल्या कुणाचंही तिकडं लक्ष गेलं नव्हतं.

"हे काय गं?"

"पत्रा लागला. वादळात." नागम्माचा आवाज जेमतेम ऐकू आला. "रेडकू वरडत व्हतं. सोडाया गेल्ते."

वादळात म्हशीचं रेडकू वाचलं ते दावं तोडून, असंच सगळे धरून चालले होते.

"सांगितलं का न्हाईस, बाई?" गजराबाईनं विचारलं.

"दुखतंय म्हणलं तर परत धाडताल म्हणून."

हरणाबाईनं तोंडात पदर कोंबला. गजराबाई उंबऱ्यातच मटकन बसली आणि तो ओला पाय तिनं मांडीवर घेतला.

"धुळ्या, गाडी जुप!"

धुळाप्पा दचकला. "कुठं, सोलापूरला?"

"दवाखान्यात, मुडद्या! माझ्या नातीचा पाय सुजलाय."