तळघरातला वन्समोअर

घर मिळवायचं तर सिनेमा बघावा लागतो, हे मला जर्मनीत ब्राउनश्वाइगमध्ये सहा वर्षं काढल्यावर, २००५ साली कळलं. आमच्या घराचा करार महिनाअखेर संपत होता, माझ्या बायकोला, चारुलताला, सातवा महिना लागला होता आणि एकवीस घरं पाहून झाली होती. बाविसावं हेर, म्हणजे श्रीयुत, ल्युडर्स यांचं. निवृत्त, एकटे आणि शांततेचे कडवे भक्त. रविवारी जिन्यातसुद्धा हळू बोलायचं, असं त्यांनी दारावर लिहूनच ठेवलं होतं. शेवटी उमेदवार उरले दोन: आम्ही आणि एक डेंटिस्ट जोडपं. दोघांनाही त्यांनी रविवारी सकाळी अकराला आपल्या तळघरात सिनेमाला बोलावलं. अंधारात माणूस कसा बसतो यावरून भाडेकरू ओळखता येतो, असं त्यांचं शास्त्र होतं.

मला धास्ती होती ती सासऱ्यांची. सासूबाई नाहीत, म्हणून लेकीच्या बाळंतपणाला आत्मारामपंत, म्हणजे आमचे बाबा, स्वतःच डिंकाचे लाडू घेऊन आले होते. उभं आयुष्य सांगलीकडच्या नाटक कंपन्यांत ऑर्गन वाजवलेला माणूस. खाकरायचं नाही, अडकित्ता घरी ठेवायचा आणि तोंड तर उघडायचंच नाही, असं मी त्यांना तीनदा बजावलं. त्यांनी जावयाचा मान राखून मान डोलावली. मी मूर्ख, माझा तेवढ्यावर विश्वास बसला.

सिनेमा होता बोलपट नुकते सुरू झाले त्या काळातला, अमेरिकन. नाव सांगून कुणाला आठवायचं नाही. हेर ल्युडर्सना त्याची रिळं जुन्या बाजारात मिळाली होती. आपल्या संगीत नाटकासारखी दर पाच मिनिटांनी गाणी, आणि निर्मात्याची अशी ओढगस्त की नायकाच्या घरात, खलनायकाच्या घरात आणि अनाथाश्रमात जिना एकच. सगळीकडून हाकललेली नायिका शेवटी समुद्रकाठी गाते. समुद्र कापडी पडद्यावर रंगवलेला. चित्रीकरणात त्यामागे कुणीतरी दार लावलं असावं, अख्खा समुद्र थरथरला. डेंटिस्टबाई खुसकन हसल्या. गाणं संपलं.

“वन्समोअर!” माझ्या शेजारून खणखणीत आवाज आला.

माझी पाचावर धारण बसली. प्रोजेक्टर थांबला, दिवे लागले. हेर ल्युडर्स जवळ आले आणि हे गृहस्थ का ओरडले, असं त्यांनी मला विचारलं. चारुलतानं माझा हात घट्ट धरला. म्हातारपण आहे, तब्येत बरी नसते, एवढं म्हटलं असतं तरी घर वाचलं असतं. वाक्य जुळवूनही झालं होतं. पण बाबा माझ्याकडे इतक्या निर्धास्तपणे बघत होते, की मला ते बोलवेना. मी खरं तेच सांगितलं: आमच्याकडे गाणं आवडलं की प्रेक्षक ते पुन्हा मागतात आणि गाणाऱ्याला ते पुन्हा म्हणावं लागतं.

हेर ल्युडर्स प्रोजेक्टरकडे गेले. मग त्यांनी रीळ मागे फिरवलं.

गाणं पुन्हा झालं. बाबांनी पुन्हा वन्समोअर दिला. तिसऱ्या खेपेला डेंटिस्ट जोडप्याला भर रविवारी टर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट, आठवली आणि ते निघून गेले. सिनेमा संपल्यावर हेर ल्युडर्स म्हणाले, “वीस वर्षं हे मी लोकांना दाखवतोय. सगळे ‘इंटरेसांट’ म्हणतात आणि कोट घालतात.” आणि त्यांनी करार माझ्यापुढे ठेवला.

ट्राममध्ये मी बाबांना विचारलं, गाणं एवढं चांगलं होतं का?

“छे हो, शिरीषराव. सुमारच होतं,” ते म्हणाले. “पण मागे समुद्र हलला, लोक हसले, तरी बाई सूर सोडून वळली नाही. अशा माणसाला कुणीतरी परत बोलवायला नको?”

मला फार लाज वाटली, आणि बाबांचा अभिमानही.

नातीचं बारसं करून बाबा परत गेले. पुढच्या रविवारी तळघरात हेर ल्युडर्स आणि मी असे दोघेच होतो. समुद्र थरथरला, गाणं संपलं. हेर ल्युडर्स प्रोजेक्टरवर हात ठेवून वाट बघत थांबले होते.

मी उभा राहिलो आणि वन्समोअर दिला.