डीकनचं लिंबू

"हुंग," मॅव्हिस म्हणाली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेली फांदी तिने रॉस्कोच्या नाकाशी धरली.

रॉस्को प्रुइटने डोळे मिटले, कळी अंगठ्याने चुरडली आणि पार बेंबीपर्यंत श्वास ओढला. हम्बोल्टच्या त्या डोंगरावर घरोघर गांजा पिके, आणि गांज्याच्या बाबतीत या एकाहत्तर वर्षांच्या नाकाचा शब्द शेवटचा मानला जाई.

"अहाहा! लिंबाची साल. मागून मिरी. यंदा तर कमालच केलीयस बाई!"

"म्हाताऱ्या, हा कांदा आहे."

"काय?"

"कांदा! पिशवीत आठवडाभर राहिलेला. माझी पन्नासच्या पन्नास झाडं घाण मारतायत. शेजारच्या लायलचीही. आणि तुला लिंबू लागतंय?" मॅव्हिसने तीस वर्षं शाळेची बस चालवली होती, खोटं बोलणारा चेहरा तिला बसच्या आरशातसुद्धा दिसे. "कधी गेलं नाक?"

रॉस्को आपल्या बुटांकडे बघू लागला. "फेब्रुवारीत. तो ताप आला होता ना, तेव्हा."

"सात महिने? सात महिने माझ्या सूपला वास छान येतोय म्हणतोयस!"

"छान असेलच की."

"दोनदा जळलं होतं ते."

एरवी दोघं हसली असती. आज कुणी हसलं नाही.

हे लिंबू म्हणजे गांज्याचंच वाण, पण साधंसुधं नव्हतं. बाप थायलंडकडचा, बारीक पानाचा, ताडमाड. आई अफगाण, बुटकी आणि राळेने चिकट. दोघांचं हे संकरित लेकरू सत्त्याऐंशी साली रॉस्कोच्या अंगणात फुललं, तेव्हा खालच्या गावातला चर्चचा डीकन वासाच्या मागे दोन डोंगर चढून लिंबाचा केक मागायला आला होता. केक नाही म्हटल्यावर तो रडला. त्याच्या मागोमाग दोन अस्वलं आली, तीही केकसाठीच. अस्वलांबद्दल शंका असेल त्याने खुशाल घ्यावी. डीकनबद्दल घेऊ नये. झाडाला नाव त्याचंच पडलं.

असल्या झाडाचं बी पेरून उपयोग नसतो. शंभर बिया लावल्या तर शंभर तऱ्हांची भावंडं निघतात. हवं ते झाड टिकवायचं तर त्याचीच फांदी कापून छाट घ्यायची, ती रुजवायची, पुन्हा तिची छाट घ्यायची. हिवाळाभर असं मूळ झाड जपणारा डोंगरावर रॉस्को एकटा. दर वसंतात सगळे त्याच्याकडून छाट नेत, आणि त्याने दिलेली छाट हुंगून बघणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला लबाड म्हणणं. कुंडीवर चिठ्ठीही कुणी लावत नसे. पोलिसांची हेलिकॉप्टरं घिरट्या घालत त्या दिवसांत चिठ्ठी म्हणजे पुरावा होता. कायदा बदलला, हाताची सवय बदलली नाही.

"तुझ्या पॉलीहाउसात तर दोन होती," मॅव्हिस म्हणाली. "लिंबू आणि त्याची ती कांद्याच्या वासाची दणकट बहीण. दोघी दिसायला एकसारख्या."

"मार्चमध्ये लाल कोळ्याची कीड पडली. एकीवर फार. ती जाळली नसती तर दुसरीही गेली असती."

"जाळलीस कुठली?"

"देठ चोळला, हुंगला. भिंत हुंगल्यासारखं. मग दुसरीचा चोळला. तीही भिंत." त्याने अंगठा विजारीला पुसला. "मग मनानेच ठरवलं की आजारी आहे ती बहीण. जी उरली, तिच्याच छाटी वसंतात सगळ्यांना दिल्या."

"मी चार मैलांवर राहते, रॉस्को. हाक मारायचीस."

"काय म्हणून मारायची? माझं नाक गेलंय म्हणून?"

"हो. तेवढंच."

तो दिवस दोघं मॅव्हिसच्या ट्रकमधून हिंडली. कुणाकडे एखादं जुनं रोप चुकून राहिलं असेल, ही आशा. बुरशी तपासतोय असं सांगून मॅव्हिस एकेकाच्या मळ्यात शिरे, आणि रॉस्को गाडीतून तिचा चेहरा बघत बसे. सात मळे झाले. सातव्यातून ती परतली तेव्हा त्याने विचारलंसुद्धा नाही.

रविवारी दुपारी सार्वजनिक हॉलमध्ये डोंगरावरची सगळी घरून एकेक पदार्थ घेऊन जेवायला जमली. दारातच मॅव्हिसने त्याची बाही धरली. "ऐक. मी सांगते, यंदा धुकं फार होतं, धुक्याने वास गेला. पटेल त्यांना."

"मग पुढच्या वसंतात?"

"पुढचं पुढे."

"पुढच्या वसंतात पुन्हा कांदाच लावतील बिचारे," रॉस्को म्हणाला आणि आत गेला.

त्याने उभं राहून सगळं सांगितलं. ताप, कोळी, जाळलेलं झाड. एक शब्द कमी केला नाही, आणि त्याच्यासारख्या माणसाला त्याहून अवघड म्हणजे एकही वाढवला नाही.

लायल उठला. धिप्पाड माणूस, मान लाल झालेली. "तू आम्हाला सांगितलं असतंस ना, तर आम्ही सगळे येऊन हुंगलं असतं."

"माहितीये."

"आम्ही आजवर तुझी एक छाट हुंगली नाही रे!"

"माहितीये, लायल."

लायल मटकन खाली बसला. रॉस्को टोपी घेऊन दाराकडे वळला, तेवढ्यात मॅव्हिसने बीन्सच्या भांड्याखालचा कागद ओढला आणि पेन उघडलं.

"बस इथे. वास कसा होता ते सांग. उद्या कुणाच्या बियाण्यात निघाला, तर ओळखणार कसा?"

रॉस्को बसला. "आधी साल. रस नव्हे, साल. नखाने सोललेली. मग मिरी."

"मग रॉकेल," लायल खाली बघत पुटपुटला.

"रॉकेल कळी वाळल्यावर. ओलीला नाही."

"धुराला संत्रं," मागून कुणीतरी म्हणालं. "डोकं हलकं आणि गुडघे जड." "दोन झुरक्यांत माझी सासू मला आवडायची!" "नऊ आठवड्यांत तयार, पण धुक्यात कळी कुजायची, तेही लिही." मॅव्हिस लिहीत होती.

"आणि अगदी शेवटी," रॉस्को म्हणाला, "श्वास सोडताना घशात मागे..."

तो अडला. आठवणीत तिथे काहीच नव्हतं.

"शेवटी काय?" मॅव्हिसने विचारलं.

लायलने डोळे मिटले. शेजारणीने मिटले. मग टेबलांवरची सगळीच माणसं, चमचे खाली ठेवून, तो वास आठवत हळूहळू श्वास आत घेऊ लागली. रॉस्को एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, आपला श्वास रोखून.