अठरावं घर

"उंबरा न्हाई म्हंजी न्हाई!" चाकाच्या खुर्चीत बसल्या बसल्याच ओक्बुननं काठी आपटली.

सुतार तिचा सख्खा धाकटा भाऊ, छिल्गू. चौकट खांद्यावर घेऊन तो कावराबावरा उभा. "आक्का, बिनउंबऱ्याच्या घरातनं नशीब भाईर वाहून जातं म्हणत्यात."

"जाऊ दे की! माझं कुठं आत आलंय अजून? वट्याला पायरी नगं. दार माझ्या खुर्चीपरीस हातभर रुंद पायजे. फाटकापासनं चुलीपत्तोर जमीन एकसारखी कर. म्हातारं, लंगडं, कुणीबी आपल्या पायानं न्हाईतर चाकानं आत यावं."

कुंपणापलीकडं तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ मान्सिक उभा होता. तो खो खो हसला. "घर बांधतीस का गोठा?"

ओक्बुननं काठीच्या टोकानं दाराची रुंदी मातीत आखून दाखवली.

अकरा वर्षांमागं मळणीच्या यंत्रात तिचा पाय गेला, त्याच साली नवराही गेला. सुगीच्या पुनवेला पूर्वजांचं ताट थोरल्या घरी, म्हणजे मान्सिककडं मांडलं जायचं. पूर्वजांनी यावं म्हणून तो सकाळीच फाटक सताड उघडायचा. मेलेल्यांना एवढा मान, अन् जित्या भावजयीला मात्र, "कोण उचलणार तुला? हितंच बस!" सगळी भावकी वर जेवायची, अन् वट्याच्या तीन पायऱ्यांखाली, अंगणात, उपड्या घमेल्याजवळ ती बसायची. तिच्या वाट्याचा रस्सा खाली येईस्तोवर गारढोण व्हायचा. या माणसाचं नाक एकदा तरी त्याच भावकीसमोर कापायचं, एवढंच तिनं मनात धरलं होतं.

घर झालं. गाव आधी हसलं, मग गावातल्या म्हाताऱ्या रोज तिच्याकडंच बसायला येऊ लागल्या. पुढच्या सुगीच्या तोंडावर मान्सिक फळं उतरवताना झाडावरनं पडला, कंबर मोडली. त्यालाही चाकाची खुर्ची आली. स्वतःचा वटा चढता येईना, म्हणून अंथरूण अंगणातल्या धान्याच्या खोलीत.

पुनवेच्या सकाळी दोन्ही पोरं त्याला पाठीवर घ्यायला वाकली, तर हा खेकसला, "भावकीसमोर पोत्यावानी नेता व्हय रं मला?" आता थोरल्यानं पूर्वजांना दारूचा पहिला प्याला वाहिल्याबिगर पूजा कशी व्हायची? शेवटी त्याची बायको ओक्बुनच्या दारात आली. "धाकटे, औंदा ताट तुझ्याकडं मांडूया का गं?"

"मांडा की जाऊबाई. फाटक उघडंच हाय." ओक्बुनचं काळीज गार गार झालं.

मान्सिकची खुर्ची फाटकातून सरळ आत आली, कुठंच अडली नाही. त्यानं प्याला वाहिला. सगळी भावकी जेवायला बसली, तरी त्याची मान वर होईना. हळूच छिल्गूला म्हणाला, "माझ्या वट्याला उतार करायला किती दिस लागतील रं?"

"दिस कशाला? चार फळ्या ठोकायच्या. एक सकाळ."

"एक सकाळ!" ओक्बुन मोठ्यानं म्हणाली. सगळ्यांचे चमचे थांबले. "ऐकलंसा का समद्यांनी? एका सकाळचं काम. आन् म्या अकरा वर्सं खाली बसले, भावजी."

"चुकलं माझं," मान्सिक पुटपुटला.

"चुकलंच. छिल्गू दील की करून. पर माझं घर बघून गावातल्या सतरा घरांनी त्याला आधीच वर्दी दिलीया. तुमचं अठरावं."

मान्सिकनं छिल्गूकडं पाहिलं. छिल्गूनं बहिणीकडं पाहिलं आणि मान खाली घालून भात कालवू लागला.

"अगं, मग तवर म्या अंगणातच ऱ्हायचं?"

ओक्बुननं त्याच्यापुढं वाफाळता वाडगा सरकवला. "गरम हाय तवर रस्सा घ्या, भावजी. अंगणात लई लवकर निवतो. मला ठावं हाय."